एका वेळी एकच ड्रम

गॅरेजात किस्से जमवावे लागत नाहीत. गाडीचं मागचं चाक उतरलं की मालकाला हलता येत नाही, आणि अडकलेला माणूस बोलणार नाही तर काय करणार!

शहापूरला हरी मिस्त्रींच्या हाताखाली मी वीसेक वर्षं काढली. मागचे ड्रम ब्रेक करावेत तर त्यांनीच. नियम एकच : एका वेळी एकच ड्रम, म्हणजे चाकाच्या आतला ब्रेकचा लोखंडी डबा, उघडायचा. आतल्या स्प्रिंगा कुठे अडकवायच्या हे विसरलं, तर दुसऱ्या चाकात बघता येतं.

*

मुरबाडच्या एका गुरुजींनी हौसेने घरीच ब्रेक साफ करायला घेतले. दोन्ही ड्रम एकदम उघडले! मग स्प्रिंगा, लायनर, सगळं पिशवीत भरून एसटीने आमच्याकडे हजर.

मिस्त्रींनी पिशवीत डोकावून पाहिलं. "गुरुजी, गाडी कुठंय?"

"घरी आहे."

"मग मी ब्रेक काय पिशवीला बसवू?"

गुरुजीच सगळ्यात जास्त हसले. मिस्त्री मात्र पुढच्याच एसटीने त्यांच्याबरोबर मुरबाडला गेले.

*

डोळखांबच्या लाइनवर जीप चालवणारा काशिनाथ. एकदा ड्रम निघेना म्हणून अर्धा तास हातोडी मारत बसला. घामाघूम! मिस्त्रींनी आधी चहा संपवला, मग गाडीत हात घालून हँडब्रेक खाली केला. ड्रम अलगद हातात आला.

"हँडब्रेक काय तुजा बा येऊन सोडनार व्हता, रे?"

पुढे कित्येक महिने लाइनवरचे सगळे काशिनाथला हेच विचारत.

*

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी जेवून आलो, तर काशिनाथच्या जीपचे दोन्ही ड्रम उघडे! मिस्त्री तळहातावर स्प्रिंग घेऊन बसलेले.

"दादा, दोन्ही उघडलेत?"

"कुनीतरी उघडलेत," ते म्हणाले.

गॅरेजात आम्ही दोघंच होतो. मी आधी हसलो, मला ती थट्टाच वाटली. मग त्यांचा चेहरा पाहिला. शेजारी उभ्या असलेल्या जीपचं चाक उघडून, त्यात बघून मी दोन्ही बाजू बसवल्या. ते माझ्या हातांकडे शिकाऊ माणसासारखे बघत होते.

*

ड्रायव्हर लोकांना कळलं, पण गाडी दुसरीकडे कुणी नेली नाही. काम मिस्त्री करायचे. मग "ट्रायल मारून येतो" म्हणून मी गाडी वळणापलीकडे न्यायचो आणि ड्रम पुन्हा उघडून बघायचो. बहुतेक वेळा सगळं जागच्या जागी असायचं!

एकदा वहिनी, म्हणजे मिस्त्रींची बायको, पदरात एक स्प्रिंग बांधून आल्या. "यांच्या खिशात गावली. कुनाच्या गाडीची हाय, भाऊ?"

"जुनी आहे, वहिनी. टाकाऊ."

मी खोटं बोललो. स्प्रिंग जिची होती ती गाडी सकाळीच, मी ट्रायल मारायच्या आत, माणसं भरून डोळखांबला गेली होती. मी मोटारसायकल काढली आणि वाटेत तिला गाठलं. रस्त्याच्या कडेलाच ड्रम उघडून स्प्रिंग जागेवर बसवली. ज्या माणसाने मला हा धंदा शिकवला, त्याच्या हातून कुणी मरू नये, एवढंच मी त्या दिवसांत देवाकडे मागत होतो.

*

काशिनाथच्या बहिणीचं लग्न ठरलं. वऱ्हाड मुरबाडला न्यायचं म्हणून त्याने जीप धुऊन, हार घालून गॅरेजसमोर आणली. मिस्त्री बाहेर बाकड्यावर बसले होते. उठले, मागच्या चाकापाशी वाकले.

"ब्रेक कुनी केलेत?"

त्यांना बरं वाटावं म्हणून काशिनाथ हसून म्हणाला, "कुनी म्हंजे? आपल्या हरी मिस्त्रीनं!"

मिस्त्रींनी इकडेतिकडे पाहिलं. काशिनाथचा दंड धरून त्याला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले,

"मग दुसऱ्याकडनं बगून घे, रे. हरी मिस्त्री मानूस लई चांगला. पन आता ब्रेकचं काम त्याला देत जाऊ नको. गाडीत पोरीबाळी बसनार हायेत."