बाबांचा चढलेला आकडा

बाबांच्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून दर तीन महिन्यांनी धंतोलीतल्या दवाखान्यात त्यांचं रक्त तपासलं जायचं. त्यातून सीईए नावाचा आकडा यायचा. ऑपरेशनआधी तो चढलेला होता, नंतर उतरला. "पुन्हा चढला, तर आजार परतला का ते बघावं लागेल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

बाबांनी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात जन्मभर बॉयलरची रीडिंग घेतली. त्याच शिस्तीनं ते हा आकडाही कॅलेंडरवर लिहीत. घरातला पहिला बीएस्सी मी, तोही त्यांच्या पाळ्यांच्या जिवावर. म्हणून रिपोर्ट वाचायचा मान माझा.

चौथ्या रिपोर्टात आकडा दुप्पट झाला. मी तो शांतपणे वाचला, पण आईची पोळी तव्यावर करपली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "बिडी, तंबाखू?"

"ऑपरेशनपासून बंद आहे जी," आई म्हणाली. बाबा भिंतीवरचं आतड्याचं चित्र निरखू लागले.

"मग स्कॅन करू आणि दुर्बिणीनं आतूनही बघू."

दुर्बीण म्हणताच बाबा वळले. "त्याच्या आधीचं ते पोट साफ करायचं खारट पाणी, तेही प्या लागते का जी?"

"चार लिटर."

बाबांनी चष्मा पुसला. "दोन महिने झाले साहेब. रोजच्या पाच-सहा होते. मागच्या आंगणात."

"काय पाच-सहा?" आईनं विचारलं.

"बिड्या."

"अन् मले सांगत होते, मोगऱ्याले पाणी देऊन राहिलो! तरीच रोज पाच-सहा खेपा पाणी पिऊन मोगरा सडला!"

डॉक्टरांना हसू आवरेना. बिडी ओढणाऱ्यांचा हा आकडा थोडा चढा असू शकतो, म्हणाले. पण तेवढ्यावर विसंबणार नाही. दुर्बिणीचं नंतर ठरवू, स्कॅन मात्र आत्ताच, बिडी बंद आणि सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त.

स्कॅन स्वच्छ निघाला. तरी ते सहा आठवडे जड गेले. तीस वर्षं बिडीला शिव्या देणारी आई आता दिवा लावून, दोष बिडीचाच निघो, म्हणून हात जोडत होती. बाबा आंगणात गेले की मागोमाग तीही जायची.

सातव्या आठवड्यात डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे सरकवला. आकडा पूर्वीच्या जागी आला होता. बाबांनी माझा हात घट्ट धरला. "आता तीन महिन्यांनी या," डॉक्टर म्हणाले.

आई उठली नाही. पदरानं डोळे पुसून, बाबांकडे रोखून बघत तिनं विचारलं, "साहेब, हे टेस्ट दर महिन्याले नाही का करता येत?"