वेशीपाशी जागा बदलायची

पहिल्यांदा जीपचं स्टिअरिंग माझ्या हातात आलं ते आमच्या ह्यांना खाली उतरून गाडी ढकलायची होती म्हणून. बायकोला शिकवावं असं काही त्यांच्या मनात नव्हतं. डाळज आणि पळसदेवच्या मधे, भीमेच्या काठाला आमचं रान. वांगी, मिरची, गवार आणि थोडे पेरू. माल बारामतीच्या बाजाराला न्यायला मामंजींनी पुण्याहून लष्कराच्या डिस्पोजलमधली जीप आणली होती. लढाईत वापरलेली, रंग उडालेली, स्टिअरिंग डाव्या हाताला. एक दिवस नदीच्या वाळूत ती रुतली.

"मी मागनं ढकलतो," हे म्हणाले. "तू हितं बस. क्लच सोड आन् हा पाय दाब. बाकी कशाला हात लावू नगंस."

मी पाय दाबला. जीप निघाली आणि मी थांबवली नाही. वर्षभर शेजारी बसून त्यांचे हातपाय बघत होते, तेवढ्या भांडवलावर मी सगळ्या वाळवंटाला एक फेरी मारून परत आले. हे एका दगडावर बसले होते, अंगभर वाळू. मला वाटलं आता खरडपट्टी निघणार. ते म्हणाले, "गिअर तरी बदलायचा."

हल्ली लोक महागड्या गाड्या मुद्दाम चिखलात घालतात आणि त्याला छंद म्हणतात. आम्ही त्याला काहीच म्हणत नव्हतो, कारण ते कुणाला सांगायचंच नव्हतं.

रस्ता मला कधी आवडला नाही. रस्त्यावर गाडी आपली आपण जाते. ओढ्यात उतरताना मात्र आधी खाली उतरून बघावं लागतं, दगड कुठं, भुसभुशीत कुठं, पलीकडच्या चढाला चाक कुठं धरेल. मग पुढच्या चाकांना जोर देणारा छोटा दांडा ओढायचा, पहिला गिअर टाकायचा आणि घाई करायची नाही. जीप बाजूला कलंडायला लागली की ह्यांचा जीव वर यायचा, ते दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून ठेवायचे. मला तेव्हाच बरं वाटायचं. नऊवारीचा काचा घट्ट मारलेला असायचा, पदर कमरेला खोचलेला, डोकं उघडं. एरवी दिवसभर मी कुणाची तरी सून असायचे. त्या चढावर मी कुणाचीच कोणी नसायचे. याच्याहून मोठं सुख मला पुढं मिळालं नाही, आणि हे मी वाढवून सांगत नाही.

पण एक रीत होती. आमची वस्ती रानात होती आणि हमरस्त्याला लागायचं तर गावातून जावं लागायचं. वेशीत शिरायचं, चावडीवरून, मारुतीवरून पलीकडं निघायचं. गावात सुनेनं गाडी हाकलेली दिसली असती तर लोकांनी ह्यांना जगू दिलं नसतं. म्हणून वेशीच्या अलीकडं, चिंचेखाली मी गाडी थांबवायची. हे उतरून वळसा घालून यायचे, मी आतल्या आत शेजारच्या सीटवर सरकायची, पदर पुढं ओढायची. गाव संपलं की पुन्हा तीच उलटी कवायत. दोनतीन वर्षं आम्ही हे केलं. शेवटी शेवटी त्यासाठी बोलावंसुद्धा लागत नव्हतं. माझा पाय ब्रेकवर जायचा आणि त्यांचा पाय खाली जमिनीवर.

मामंजींना ठाऊक होतं. नदीत चाकांचे माग दिसत असणार. एकदा जेवताना ताटाकडं बघत म्हणाले, "नदीत गाडी घालतासा तर पाणी बघून घाला." कोणाला म्हणाले ते आम्ही विचारलं नाही.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला ह्यांचं पोट दुखायला लागलं. उजव्या बाजूला, खाली. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पोट शेकलं, ओवा दिला. सकाळी कळ इतकी वाढली की त्यांना सरळ उभं राहवेना. मामंजी पहाटेच पलीकडच्या रानात पाण्याची पाळी धरायला गेले होते. मी कोणाची वाट बघितली नाही. ह्यांना शेजारी बसवलं, पाठीशी गोधडीची घडी दिली आणि बारामतीच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून निघाले.

चिंच आली आणि माझा पाय ब्रेकवर गेला.

हे मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. मी विचार करून थांबले नाही. घरात शिरताना चप्पल काढतो तशी थांबले. आणि त्यांनीही विचार केला नाही. वाकलेले, एका हातानं पोट धरलेले, तसेच ते खाली उतरले, बॉनेटला धरधरून वळसा घालून आले आणि म्हणाले, "सरक." मी सरकले. पदर ओढला.

तो बाजारचा दिवस होता. सगळं गाव रस्त्यावर. "रामराम," कोणीतरी म्हणायचं आणि हे मान वर करून "रामराम" म्हणायचे. "बाजाराला का?" "व्हय." चावडीपाशी गावातले एक म्हातारे आबा आडवे आले. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि कांद्याचं बी कुठून आणलं ते विचारलं. हे सांगायला लागले. घाम हनुवटीवरून खाली टपकत होता आणि हे कांद्याच्या बियाविषयी सांगत होते. मी मधे एक शब्द बोलले असते तर पुरलं असतं. आबा, ह्यांना बरं न्हाय. एवढंच. पण थोर माणूस बोलत असताना शेजारी बसलेली सून मधे बोलत नाही. मी हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून बसून राहिले. पाच मिनिटं गेली असतील, नाही तर पंधरा. मला तेव्हाही कळलं नाही आणि आता तर कळायचा प्रश्नच नाही.

"तुमी ध्यान द्या बरं का बियाकडं," आबा म्हणाले आणि बाजूला झाले.

गाव संपलं तिथं ह्यांनी गाडी थांबवली. मग त्यांना उतरता येईना. मी माझ्या बाजूनं उतरून पलीकडं गेले आणि त्यांना पोत्यासारखं ढकलत शेजारच्या सीटवर सरकवलं. त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच कळवळल्याचा आवाज आला.

भिगवणावरून फेर पडला असता, म्हणून मी माळ तोडून निघाले. ती वाट, म्हणजे वाट नव्हतीच, मला एकटीला माहीत होती. दोन ओढे, एक मुरमाचा चढ, मग बारामतीचा रस्ता. प्रत्येक धक्क्याला ते कण्हायचे. मी जमेल तितकं हळू घेत होते आणि जमेल तितकं जोरातही. दुसऱ्या ओढ्याच्या चढाला चाकं एकदा घसरली, परत धरली आणि जीप वर आली. त्या क्षणी मला बरं वाटलं. नेहमीसारखंच. माझा नवरा शेजारी मरायला टेकला होता आणि चढ चांगला निघाला म्हणून मला बरं वाटलं. याची लाज वाटायला हवी. ती मी पुष्कळ वर्षं शोधली.

दवाखान्यात त्यांचं पोट कापलं. आत आतडं फुटलं होतं. तिसऱ्या दिवशी ते गेले. डॉक्टर भला माणूस होता. मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाला, "बाई, अर्धा तास आधी आला असता तरी काही फरक पडला नसता." त्याला अर्धा तास कुठून सुचला कोण जाणे. त्याला मी चिंचेचं काही सांगितलं नव्हतं. पुढं मामंजींनाही नाही, आत्याबाईंनाही नाही.

नंतर मी रडले नाही, म्हणून बायका काळजी करायच्या. एक जण माझ्या दंडाला चिमटा घेऊन बघायची. दुखायचं, पण ते दंडाला. कपाळ पुसलं, बांगड्या फोडल्या, मी हात पुढं करून बसले होते. जीप गोठ्याच्या कडेला उभी होती. तिच्यावर कोंबड्या बसायच्या. मला तिच्याकडं बघून काहीच वाटत नव्हतं, वाईटसुद्धा नाही.

दीड महिन्यानं वांगी जून व्हायला लागली. बैलगाडीनं माल बारामतीला पोचेपर्यंत सुकायचा. एके सकाळी मामंजी जीपवरच्या कोंबड्या हाकलून सीट धोतराच्या सोग्यानं पुसताना दिसले. मी पाण्याची घागर घेऊन चालले होते.

"तूच घे गाडी," ते म्हणाले. "गावातनं बी तूच न्यायची. आता थांबू नगंस. कोण काय म्हनंल ते माझं मी बघतो."

म्हणजे चिंचेखाली आम्ही काय करायचो तेही त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला असता ते माझ्या हातात आलं आणि मी नुसती मान हलवली. घागर आत ठेवून आले.

मामंजी मागं वांग्यांच्या पाट्यांवर बसले. आत्याबाई दारात उभ्या राहिल्या. जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली नाही, दुसऱ्यात झाली. रान संपलं, गाडीवाट लागली. उन्हं चढली होती. हात आपले आपण काम करत होते, मी त्यात कुठं होते सांगता येणार नाही.

मग गाडी थांबली. इंजिन चालूच होतं. मी खाली बघितलं तर माझ्या मांडीवर पदर नीट होता, डोक्यावरचा पुढं ओढलेला होता आणि समोर स्टिअरिंग नव्हतं. ते डावीकडं होतं. मी शेजारच्या सीटवर सरकून बसले होते. वर चिंच होती.

मी बॉनेटकडं बघत राहिले, कोणीतरी वळसा घालून यायचं होतं.