एंटेलेकी आणि उसाचा डोळा

"एंटेलेकी? हा शब्द नीट म्हणता तरी येतो का तुम्हाला?"

तत्त्वज्ञान विभागात पीएच.डी.च्या मुलाखतीत सरांनी पहिलाच प्रश्न हा विचारला. मी म्हणून दाखवला. टेबलापलीकडचे तिघंही हसले. मग अर्थ विचारला. मी सांगितलं, शब्द ग्रीक आहे. 'आत', 'पूर्णत्व' आणि 'असणं' असे तीन तुकडे जोडून केलेला. जे होण्याची कुवत अंगात आहे, ते प्रत्यक्षात उतरणं. उदाहरण उसाच्या डोळ्याचं दिलं. पेरावरचा एवढासा डोळा, त्यातून अख्खा ऊस उभा राहतो.

सरांनी माझा फॉर्म पुढे ओढला. "आई काय करते?"

"ऊसतोड करायची. आता रोपवाटिकेत जाते."

"मग झालं की. मराठी विभागात जा, ऊसतोडीची गाणी घ्या. उसाच्या डोळ्यातून ऊसच येतो. तुम्हीच म्हणालात."

मी "बरं सर" म्हणाले आणि बाहेर आले. त्या 'बरं'ची मला अजून लाज वाटते. एम.ए.ला पहिली आले होते मी.

दुसऱ्या दिवशी यवतच्या रोपवाटिकेत आईशेजारी बसले. तीही याच कामाला, मीही. उसाचे डोळे कापायचे, औषधात बुडवायचे, ट्रेमध्ये लावायचे.

"काय म्हनले सायब?"

"म्हनले, ऊसतोडवालीची पोरगी ऊसतोडवालीच व्हनार."

आईने हातातलं काम थांबवलं नाही. पाटसच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉलीकडे मान केली. "आन् त्या उसाला डोळं न्हाईत व्हय?"

मी ट्रॉलीकडे पाहिलं. मग राग आला, खरा राग. तेवढेच डोळे त्या उसालाही होते. ते उगवणार नव्हते, कारण त्यांना चरकात घालायचं ठरलं होतं. बेण्याला, म्हणजे पुढच्या लागवडीला, कोणता ऊस ठेवायचा, हे ऊस ठरवत नाही. आई सातवीत वर्गात पहिली होती. दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी निघाली, शाळा मागे राहिली. तिच्यात काय कमी होतं?

मी सरांकडे परत गेले. "विषय बदलणार नाही."

"मग मार्गदर्शक मिळणार नाही."

"चालेल. शीर्षक मात्र वाढवलंय, सर. 'एंटेलेकी आणि ती अडवणारे'."

त्यांनी अर्ज न वाचता परत केला. दोनदा नाकारलाय. यंदा तिसऱ्यांदा भरतेय. त्यातलं एक अक्षर खोडणार नाही.