तारेवरची खार

चिमण्यांसाठी मी परसातल्या कपड्यांच्या तारेला ज्वारीचं कणीस बांधलं. चिमण्या यायच्या आत खारीनं ते फस्त केलं. मग मी दुसरं कणीस बांधलं आणि तारेला गोडेतेल चोळलं. खार दोनदा घसरली आणि तिसऱ्यांदा उलटी लटकत कणसापर्यंत पोचलीच. तेल पुसायचं मात्र मी विसरले, आणि ह्यांचा पांढरा सदरा त्याच तारेवर वाळत घातला. पाठीवर तेलाचा आडवा पट्टा उमटला.

“खारीच्या पाठीवर रामानं बोटं फिरवली, माझ्या पाठीवर तू,” हे म्हणाले. “पुरे आता. खाऊ दे तिला.”

हल्ली मला सगळेच पुरे म्हणतात. जिना चढताना मुलगा म्हणतो, लोणचं घालताना सून म्हणते. प्रेमानं म्हणतात, म्हणून तर जास्त राग येतो.

खिडकीतून पाहिलं, तर खार तारेवर बसून शेवटचा दाणा सोलत होती. घसरल्याची लाज तिच्या शेपटीलासुद्धा नव्हती.

मी नवं कणीस उचललं, लांब दोरी घेतली आणि चपला पायात सरकवल्या.

“आता कुठे?” ह्यांनी विचारलं.

“परसात. तिनं कुठे पुरे म्हटलंय?”