आधी म्यान, मग बंदूक

अमेरिकेत बंदूक विकत घेणं फार सोपं आहे असं जे लोक म्हणतात, ते आमच्या ताईंबरोबर कधी खरेदीला गेलेले नाहीत. मी गेले आहे. अख्खा एक हिवाळा गेले आहे. रेडमंडच्या त्या चिकट पावसात, वायपर सतत चालू, शेजारच्या सीटवर ताई आणि ताईंच्या मांडीवर त्यांची छत्री, अशा थाटात मी आसपासची बंदुकांची यच्चयावत दुकानं पालथी घातली, आणि एवढं करून हिवाळा संपला तेव्हा आमच्याकडे बंदूक नव्हतीच. कारण ताईंचा सिद्धांत असा, की बंदूक काय, कुठेही मिळते. ती बाईमाणसानं अंगावर कशात ठेवायची, ते आधी ठरलं पाहिजे.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली चुलत बहीण. मूळ नागपूरची. इथे एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सकाळच्या पाळीला रक्त-लघवी तपासायच्या आणि उरलेला वेळ आम्हाला तपासायच्या. लहानपणी सगळं कुटुंब एका खोलीत वाढलेलं, त्यामुळे रेडमंडला स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या नावावर घेतलेलं घर हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम होता. पाहुणा आला की चहाच्या आधी घर दाखवायच्या, आणि त्यात पाणी तापवायची टाकीसुद्धा यायची. यजमान वारल्यावर त्या घरात एकट्याच उरल्या. मुलगा मिलिंद दूर सनीव्हेलला, काँप्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत. तो दर रविवारी फोन करून "आई, इकडे ये" म्हणायचा आणि ताई "बघू" म्हणायच्या. हे असंच चाललं असतं. पण त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास समोरच्या घरी चोरी झाली. टीव्ही गेला. आता ही बातमी मुलाला सांगायची काही गरज होती का? पण ताईंना बातमी पोटात ठेवता येत नाही. त्यांनी ती मीठमसाला लावून सांगितली, आणि मिलिंदनं निकाल देऊन टाकला. "That's it, आई. मे महिन्यात मी येतो. We're selling the house."

ताईंनी फोन ठेवला आणि मला लावला. "अगं, उद्या मोकळी आहेस ना? माझा बंदोबस्त मलाच करायचा आहे. मेमध्ये तो आला की त्याला दाखवीन, की घे बघ, तुझी आई स्वतःला सांभाळते. मग कसा विकतो घर ते पाहते मी."

मी मोकळी होते. मी नोकरी शोधत होते, म्हणजे घरीच होते, आणि आमच्या घराण्यात अशा बाईला ड्रायव्हर म्हणतात. ताईंना स्वतःला गाडी येते, पण फ्रीवेवर नाही. "तिथे शिरताना कुणी थांबून 'या' म्हणत नाही," ही त्यांची तक्रार. त्यामुळे फ्रीवेपलीकडची सगळी खरेदी माझ्या नशिबी.

परवान्याचं काम त्यांनी चटकन उरकलं. पोलीस स्टेशनात बोटांचे ठसे देऊन आल्या, आणि सुरक्षेच्या वर्गात सगळ्यात पुढच्या खुर्चीवर बसून मास्तरला इतके प्रश्न विचारले, की त्यानं मधली सुट्टी लवकर दिली. खरा छळ सुरू झाला तो होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, निवडताना.

आमचं मुख्य दुकान होतं पांढऱ्या दाढीच्या, सैन्यातून निवृत्त झालेल्या एका उंच गृहस्थाचं. तो ताईंना मॅम म्हणे, ताई त्याला भाऊ म्हणत. पहिल्याच दिवशी ताईंनी काउंटरसमोर स्टूल ओढलं, चष्मा लावला, आणि सीताबर्डीवर साडी घेताना बसतात तशा बसल्या. "दाखवा." त्यानं एक दाखवलं. "अजून दाखवा." करता करता मागची सगळी भिंत काउंटरवर उतरली. ताई प्रत्येक म्यान उलटं करून शिलाई बघणार, चामडं हुंगणार, आत दोन बोटं घालून "अस्तर नाही लावलं काहून?" असं विचारणार. "यात दुसरा रंग?" "काळा आणि तपकिरी, मॅम." ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ. बंदुका शंभर तऱ्हेच्या आणि पट्टे दोन रंगांचे. हे पुरुषांनी काढलेलं दुकान आहे." भाऊनं अतिशय सभ्यपणे विचारलं, की मॅम, तुमच्याकडे पिस्तूल कोणतं आहे? म्यान पिस्तुलाच्या मापाचं लागतं. ताई म्हणाल्या, "ते ठरायचंय अजून. तुम्ही आधी हे ठरवा." त्या बिचाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

शेवटी त्यानं निळ्या प्लास्टिकचं, आत शिसं भरलेलं एक नकली पिस्तूल काढून दिलं. शिकवण्यासाठी असतं तसं; वजन खऱ्याचं, बाकी खेळणं. ताईंनी ते म्यानात घालून कमरेला लावायचं म्हटलं, तर अडचण अशी, की ही सगळी म्यानं जाड चामडी पट्ट्यावर बसतात आणि ताईंच्या कमरेला सलवारीची नाडी. मी म्हणत होते, ताई, राहू द्या. पण ताईंनी कुर्ता वर करून ते नाडीला अडकवलं आणि आरशासमोर दोन पावलं टाकली. तिसऱ्या पावलाला सलवारीनं शरणागती पत्करली. ताईंनी ती गुडघ्याच्या वरच पकडली, चेहऱ्यावरची एक रेषही न हलू देता भाऊला म्हणाल्या, "वजन जास्त आहे," आणि मला म्हणाल्या, "हसू नको."

मग छातीशी, आतल्या कपड्याला अडकवायचं एक यंत्र निघालं. भाऊ त्याची माहिती देताना भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्याकडे बघून बोलत होता. ताईंनी मात्र ते लॅबमधल्या नमुन्यासारखं उजेडात धरलं. "आणि काढायचं कसं? चोरासमोर ब्लाऊजची बटणं उघडत बसू? तोच लाजून पळेल." भाऊनं ते यंत्र परत खोक्यात घातलं. बायकांसाठी खास म्हणून त्यानं एक गुलाबी पर्स आणली, बाजूला चोरकप्पा असलेली. त्या कप्प्यात दुसरं काहीही ठेवायचं नाही, असा नियम त्यानं सांगितला, आणि इथे ताईंचं माहेर-सासरचं सगळं संस्कारधन दुखावलं. "एवढा कप्पा रिकामा ठेवायचा? माझा डबा मावतो त्यात." भाऊनं दहा मिनिटं समजावलं, की किल्ली किंवा पेन घोड्यात अडकलं तर गोळी सुटेल. ताईंनी ऐकून घेतलं आणि मग शांतपणे विचारलं, "पण भाऊ, चोर सगळ्यात आधी काय ओढतो? पर्स. म्हणजे पर्सही मीच दिली त्याला आणि पिस्तूलही मीच दिलं." भाऊ थोडा वेळ दाढी कुरवाळत राहिला. "मॅम," तो म्हणाला, "हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं." त्यानंतर तो ताईंसाठी स्टूल आधीच काढून ठेवायला लागला. माझ्यासाठी नाही.

ताईंना ते निळं पिस्तूल घरी नेऊन सवय करायची होती. दुकानाबाहेर ते जात नाही, असं भाऊनं सांगितलं. ताईंनी अनामत म्हणून आपली छत्री काउंटरवर ठेवली. ज्या गावात आठ महिने पाऊस असून छत्री कुणी वापरत नाही, तिथे त्या छत्रीचं तो काय करणार होता कोण जाणे. पण त्यानं ती ठेवून घेतली आणि आम्ही पिस्तूल घेऊन भिजत गाडीत बसलो.

त्याच रविवारी आमची बुद्धवंदना होती. नागपूर-अमरावती-औरंगाबादकडची आम्ही पाच-सात कुटुंबं एकेकाच्या बेसमेंटमध्ये पांढरी चादर अंथरून जमायचो. त्या दिवशी श्रीलंकेचे एक वयस्क भन्ते आले होते. ताई पांढऱ्या साडीत, एकदम पुढे, मांडी घालून. मला काय ठाऊक, की साडीखाली घोट्याला वेल्क्रोचा पट्टा आहे आणि त्यात ते निळं प्रकरण? पंचशील सुरू झालं. पहिलंच शील, प्राणिहिंसा न करण्याचं. सगळे एका सुरात म्हणत असताना चर्र असा आवाज झाला आणि पिस्तूल साडीखालून निघून, गुळगुळीत चादरीवरून सरकत, भन्तेंच्या पुढ्यात जाऊन थांबलं. कुणीही म्हणणं थांबवलं नाही, हे आमच्या समाजाचं कौतुक. भन्तेंनी ते दोन बोटांनी उचललं, बाजूला ठेवलं, आणि वंदना संपल्यावर मंद हसत म्हणाले, "मुलांना सांगा, खेळणी बाहेर ठेवून यावं." ताईंनी वाकून नमस्कार केला. त्या दिवशी बाकीची चारही शीलं त्यांनी इतक्या खणखणीत आवाजात म्हटली होती, की वरच्या मजल्यावर झोपलेलं बाळ उठलं.

येताना गाडीत मी उसळलेच. "ताई, निदान पहिलं शील तरी होऊ द्यायचं होतं."

"शील प्राण घेण्याबद्दल आहे. प्लास्टिकबद्दल नाही."

"आणि खरी घेतल्यावर?"

काचेवर वाफ धरली होती. ताई पदरानं काच पुसत राहिल्या, त्यांच्या बाजूची, मग माझ्या बाजूची.

मार्च, एप्रिल असेच गेले. खांद्यावरचं झालं, मांडीवरचं झालं, पाठीवरचंही. शेवटी ताईंनी भाऊच्या दुकानातल्या सगळ्या मालावर फुली मारली आणि शिवणयंत्र काढलं. त्यांची आई बाजारात भाजी विकायची, कमरेला कापडी चंची बांधून. ताई तिच्याच धर्तीची पण दणकट, जीनच्या कापडाची पिशवी शिवायला बसल्या. पोटावर बांधायची, बाजूनं चेन, एका हातानं ओढली की उघडते. साडीवर, सलवारीवर, लॅबच्या पांढऱ्या कोटावर, सगळ्यावर चालेल अशी. आत घोड्यावर बसेल असं जाड चामड्याचं टोपण, आणि त्या कप्प्यात खरंच दुसरं काही नाही. भाऊला नेऊन दाखवली तेव्हा त्यानं ती उलटी करून शिलाई पाहिली. "अस्तर लावलंय," तो म्हणाला. ताईंना पद्मश्री मिळाल्यासारखं झालं. आता फक्त बंदूक राहिली, ती पुढच्या शनिवारी, असं ठरलं.

आणि शुक्रवारी मिलिंद आला. ताईंनी मलाही बोलावलं होतं, साक्षीदार म्हणून. वडाभात केला होता. मिलिंद जेवत होता, आणि ताई फिकट पिवळ्या साडीवर ती पिशवी बांधून स्वयंपाकघराच्या मधोमध उभ्या राहिल्या, चेन खस्सकन ओढली आणि निळं पिस्तूल फ्रीजवर रोखलं.

मिलिंदचा घास हातातच राहिला. "आई. What is this?"

"बंदोबस्त. हे सवयीसाठी आहे, खरं उद्या आणणार. आता मला कुणाची भीती नाही. बोल, घर विकायचं काही कारण उरलं का?"

त्यानं घास ताटात परत ठेवला. मग बोलला ते मराठीत बोलला, अडखळत, शब्द शोधत. "आई, मला चोराची भीती नाही वाटत. टीव्ही नेला तर नेला. बाबा बाथरूममध्ये पडले, तेव्हा तू कामावर होतीस. कोणाला कळलंच नाही. तू घरी आलीस तेव्हा..." पुढचा शब्द त्याला सापडेना. "तू पडलीस तर? You'll shoot the bathtub?"

ताईंनी पिशवीची गाठ सोडली, घडी करून ती टेबलावर ठेवली, पिस्तूल तिच्यावर ठेवलं, आणि मिलिंदच्या ताटात आणखी भात वाढला.

"मग त्याला काय बांधतात ते सांग," त्या म्हणाल्या. "तेही बांधते. घर विकणार नाही."

पडण्यासाठी बांधायचीही एक वस्तू मिळते, हे मिलिंदला माहीत होतं. त्याच्या ऑफिसातल्या एकाच्या आजीकडे होती. एक बटण, दाबलं की घरातल्या खोक्यातून कंपनीची बाई विचारते, तुम्ही बऱ्या आहात ना? आणि उत्तर आलं नाही तर माणूस पाठवते. जवळची व्यक्ती म्हणून माझा नंबर लिहून दिला. निळं पिस्तूल मी परत केलं, छत्री परत आणली. भाऊ म्हणाला, मॅमना सांगा, स्टूल इथेच आहे. बटण मनगटावर घ्यायचं, कमरेला की गळ्यात, यावर मला वाटलं आता आणखी एक हिवाळा जाणार. पण ताईंनी ते सरळ गळ्यात घातलं आणि पदराखाली सरकवलं. "गळा फार दिवस मोकळाच होता," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या नोव्हेंबरात त्या बटणाच्या कंपनीतून मला फोन आला. आवाज नम्र होता, पण त्रासलेला. मॅम आठवड्यातून तीन-चारदा बटण दाबतात. आम्ही विचारतो, बऱ्या आहात ना, तर हो म्हणतात, आणि मग आमच्या ऑपरेटरला विचारतात, की तू जेवलीस का, आज काय केलं होतंस. कृपया त्यांना समजावून सांगा.

मी तणतणतच निघाले. गाडीत सगळं भाषण तयार केलं, आवाजाच्या चढउतारासकट. दार उघडंच होतं. ताई स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होत्या.

"ताई, ते बटण संकटासाठी आहे."

"हो ना," त्या मान वर न करता म्हणाल्या. "इथे पाच वाजता अंधार पडतो. दिवा लावायला मीच, आणि लावलेला बघायलाही मीच. मग तू संकट कशाला म्हणतेस?"

माझं भाषण चांगलं होतं. अजूनही त्यातलं बरंचसं आठवतं. मी कोट काढून खुर्चीवर टाकला, त्यांच्या समोर बसले आणि अर्धी जुडी माझ्याकडे ओढून घेतली.