कोऱ्या फ्लॉपीतला पाळणा

कुणी भुताखेतांचं सांगायला लागलं की मी आधी विचारतो, ‘प्लग नीट लावला होता का?’ यवतमाळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो मी. मुलांनी ‘सर, या पीसीत काहीतरी आहे’ म्हटलं की दर वेळी सैल वायरच निघते. या ग्रुपवर तुमच्या अनुभवांखाली सगळ्यात खवचट कमेंट माझ्याच असतात, हेही कबूल. आज माझी पाळी... हसा खुशाल.

बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्या हिवाळ्यातली गोष्ट. दिग्रसची कुसुम मावशी सकाळच्या एसटीनं आमच्या घरी आली आणि पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली निळी फ्लॉपी काढली. मावशीला लिहिता-वाचता येत नाही, पण गाणी रचते — भीमजयंतीची, लग्नाची, बारशाची. बऱ्याच वर्षांपूर्वी तिनं ती एका डीटीपीवाल्याला सांगून टाईप करून घेतली होती. पुस्तिका निघणार होती. नेमके कापसाचे भाव पडले आणि राहून गेली. दुकान बंद करताना त्यानं फ्लॉपी तेवढी परत दिली.

“रविवारी सुजाताच्या पोरीचं नाव ठेवाचं हाय,” मावशी म्हणाली. सुजाता तिची एकुलती एक. “सुजाता म्हणते, आई, माह्या बारशाले तू म्हटला तोच पाळणा पाह्यजे. अन् मले पयलं कडवंच याद हाय, बाबू. पोरीचा पाळणा आईच इसरली... कोणाले सांगू?”

तिचे डोळे भरले. मी म्हटलं, “मावशे, काढून देतो.” आमचा आत्मविश्वास!

जुन्या फ्लॉपी वाचायचा मला छंद आहे. ऑनलाइन मागवलेला एक छोटा बोर्ड जुन्या ड्राइव्हला जोडायचा, दुसरं टोक यूएसबीत. सॉफ्टवेअर फ्लॉपीचा प्रत्येक भाग चौकोन करून दाखवतं: वाचला तर हिरवा, नाही तर लाल. मावशीची फ्लॉपी घातली. सगळे लाल.

झडप सरकवून पाहिलं तर आत कुंकू! डीटीपीवाल्यानं दसऱ्याला कॉम्प्युटरसोबत फ्लॉपीच्या डब्याचीही पूजा केलेली असणार. मावशीला हसू आवरेना. “आमी बुद्धाचे, अन् आमच्या गाण्याले कुंकू लावून ठेवलं लेकाच्यानं!”

मी बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि आतली चकती फिरवत पुसत गेलो. बोळे लालसर-तपकिरी निघत होते. किती हे कुंकू, म्हणत मी आणखी जोरात पुसलं. मग फ्लॉपी खिडकीत वाळत ठेवली, ड्राइव्ह ठीक आहे ना म्हणून माझी एक कोरी काळी फ्लॉपी घालून पाहिली, आणि जेवायला गेलो.

वरण-भात खाऊन परत आलो, रीड दाबलं. पहिला चौकोन हिरवा. दुसरा हिरवा... शेवटपर्यंत हिरवे! फाइल उघडली, जुना मराठी फॉन्ट शोधून लावला आणि मोठ्यानं वाचलं —

पाळण्याच्या दोरीले गं बांधली मी पाटी,
शाळेच्या वाटंवर ठेवली नाही काटी

मावशीनं पुढचं कडवं माझ्या तोंडातून घेतलं. मग त्याच्या पुढचं. पाचही कडवी डोळे मिटून म्हटली. मी स्क्रीनवर बोट फिरवत होतो — एक शब्द इकडचा तिकडे नाही. आम्ही दोघंही रडलो, त्यात लाजायचं काय?

तेवढ्यात बायको म्हणाली, “अहो, खिडकीतली ही निळी फ्लॉपी उचलू का?”

मी ड्राइव्हचं बटण दाबलं. बाहेर आली काळी. माझी, कोरी.

निळी उजेडात धरली तर चकतीतून खिडकीचे गज स्वच्छ दिसत होते. मी कुंकू म्हणून खरवडलं, तो चकतीवरचा थरच होता. गाणी त्याच्यातच असतात. काळी पुन्हा वाचली: रिकामी. तिसऱ्यांदा: रिकामी. लॅपटॉपवर मात्र फाइल होती, आजही आहे. मित्र म्हणतात, तू पुसण्याआधीच वाचली असशील. मग आधीच्या लाल चौकोनांची नोंद कुठून आली? आणि फाइलवर जेवणानंतरची वेळ कशी?

रविवारी दिग्रसला मावशीनं भर मांडवात पाळणा म्हटला. सुजाता बाळाला घेऊन ऐकत होती, आणि तिच्याकडे पाहून मला फार बरं वाटलं. नंतर मावशीला बाजूला घेऊन मी सगळं कबूल केलं. तुझी फ्लॉपी मी घासून संपवली होती मावशे, त्यात काहीच उरलं नव्हतं, मग गाणं आलं कुठून?

मावशी बाळाचं टोपडं नीट करत म्हणाली, “मी बी तं इसरलीच होती. तू एक कडवं वाचलं अन् बाकीचे चार मले कसे आले? ते सांग आंधी.”