चिमूटकाकांचं कार्ड

चिमूटकाकांशी ज्याचं वाजलं नाही, त्याने आमच्या प्रयोगशाळेत कामच केलं नाही असं खुशाल समजा. उंदराच्या मेंदूचा पातळ काप ज्या क्षारांच्या पाण्यात काही तास जिवंत राहतो, ते पाणी हा माणूस एकतीस वर्षं बनवतोय. चमचा तीनदा धुणार, मग पुसणार, मग परत धुणार. घाई केली की, "मग तूच कर."

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ते दीड महिना रजेवर गेले, तेव्हा मला खरंच हायसं वाटलं. पाण्याची कृती लिहिलेलं त्यांचं जुनं कार्ड समोर ठेवून मीच पाणी बनवू लागले. आणि काय सांगू, माझ्या नव्या औषधाने पेशी अशा काही पेटल्या की थांबायचं नावच घेईनात! औषधाविना त्या किती शांत असतात, हे मी आधीच, काकांच्या पाण्यात मोजून ठेवलं होतं. दोन्ही एकाच पाण्यात मोजायला हवं होतं, पण पाचवं वर्ष चालू होतं, डॉक्टरेट या एका निकालावर अडली होती. सर तर शोधनिबंध लिहायलाही बसले.

काका काठी टेकत परतले, पडद्यावर पेशींची उसळणारी रेघ बघितली आणि म्हणाले, "हे औषधाचं काम नाही. पाण्याचं आहे."

"घरी बसून बरं कळलं तुम्हाला!"

"औषध न घालता बघ."

हटेचनात. शेवटी त्यांचं तोंड बंद करायला म्हणून बघितलं. औषध नाही, तरी तोच धिंगाणा. त्यांनी स्वतः पाणी बनवलं. त्यात औषध घालूनही पेशी ढिम्म. माझा दीड महिना पाण्यात गेला.

काकांनी फ्रिजमधली मॅग्नेशियमची बाटली काढली. रजेवर जाताना केलेल्या खुणेखाली थेंबभरही उतरली नव्हती. मग कार्ड उलटंपालटं केलं. मॅग्नेशियम कार्डावर नव्हतंच. सगळ्यात शेवटी, हाताच्या सवयीने घालायचं ते लिहायचं कशाला?

ग्लुटामेट एका पेशीचा निरोप दुसरीला देतं. तो घेणाऱ्या एका जातीच्या ग्राहींच्या दारात मॅग्नेशियम ठाण मांडून बसतं, म्हणून पेशी ऊठसूट पेटत नाही. ते नसलं की दार सताड उघडं.

सरांच्या खोलीत काका माझ्याआधी बोलले. "पोरीने कार्डाबरहुकूम केलं. कार्ड माझं."

सरांनी त्यांना माझ्यासमोर नको नको ते सुनावलं. मी मान खाली घालून उभी. बाहेर येताच मात्र माझा तोल सुटला. "एक ओळ लिहायला काय झालं होतं, काका?"

"चुकलंच माझं." ते कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. मधेच थांबले. "पण मॅग्नेशियम काढलं की काय होतं, यावर तुझ्या प्रबंधात अख्खं प्रकरण आहे. मी वाचलंय. आत बोललो नाही."